आजची बोली, उद्याची बोली: १९३७ साली चीनने तह करायला हवा होता का?

गड्ड्याच्या यात्रेआधीच्या रविवारी आमच्या अभ्यासिकेत युक्रेनवरून जुंपली. सगळी स्पर्धा परीक्षेची मुलं. आंतरराष्ट्रीय संबंधांवरचा एक प्रश्न दहा मिनिटांत उरकायचा होता, त्याला पाऊण तास लागला. एकानं विचारलं, "सर, २९ मार्च २०२२ला इस्तंबूलमध्ये बोलणी झाली तेव्हाच युक्रेननं सही करून टाकली असती तर?" त्यावर मागच्या बाकावरून लगेच, "म्हणजे घरात चोर शिरला की अर्धं घर त्याच्या नावावर करायचं का?"

चोर आणि घर आलं की वाद तिथंच खुंटतो, हा माझा जुना अनुभव. शिवाय चालू युद्धावर मत ठोकणं सोपं असतं, ते तपासून बघायला मात्र काही हातात नसतं. इस्तंबूलच्या मसुद्यात रशिया म्हणत होता युक्रेनचं सैन्य ८५ हजारांवर आणा, युक्रेन अडीच लाखांच्या खाली यायला तयार नव्हता. ती सही झाली असती तर पुढं काय झालं असतं, हे आज छातीठोकपणे सांगणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. म्हणून मी फळा पुसला आणि ज्याचा निकाल कधीच लागून गेला आहे असं एक प्रकरण काढलं. तेही सोलापूरचंच म्हणता येईल असं.

आमच्या अभ्यासिकेपासून भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक पायी दहा मिनिटांवर. मुलांना एवढं पाठ होतं: जन्म १९१०, सोलापूर, काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून १९३८ साली चीनला गेले, जपान्यांशी लढणाऱ्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, ९ डिसेंबर १९४२ला बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. पण ते बोटीत बसले त्याच्या आठ महिने आधीपर्यंत हेच युद्ध मिटवायची बोलणी चालू होती, हे स्मारक बघून आलेल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही ते उशिराच कळलं. बोलणी यशस्वी झाली असती तर कोटणीस चीनला गेलेच नसते, कदाचित मुंबईत किंवा इथं सोलापुरात दवाखाना काढून म्हातारे झाले असते.

आधीची सहा वर्षं

हे प्रकरण ७ जुलै १९३७पासून, म्हणजे पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावरच्या चकमकीपासून सुरू करतात. तिथून सुरू केलं तर चीनचा तेव्हाचा सत्ताधारी चँग कै-शेक हट्टी वाटतो. म्हणून सहा वर्षं मागं जाऊ. १८ सप्टेंबर १९३१ला जपानी सैन्यानं मुकदेनला कुरापत काढून मांचुरिया, म्हणजे चीनचा ईशान्य भाग, गिळला. चीन राष्ट्रसंघाकडे गेला. राष्ट्रसंघानं चौकशीला लिटन आयोग नेमला, आयोगानं अहवाल दिला, आणि १९३३ साली जपाननं राष्ट्रसंघच सोडला. त्याच वर्षी ३१ मेला तांगकूचा युद्धविराम झाला. त्यात चिनी भिंतीच्या दक्षिणेकडचा पट्टा चीनच्या सैन्याला बंद झाला. १९३५ साली आणखी एक करार, त्यानं पेकिंगभोवतीच्या होपेई प्रांतातून चँगच्या केंद्रीय फौजा आणि त्याच्या पक्षाची कार्यालयं निघाली.

म्हणजे "लवकर तह" हा उपाय चीननं दोनदा करून पाहिला होता. दर वेळी रेघ थोडी दक्षिणेकडे सरकली आणि दीड-दोन वर्षांत जपान पुन्हा त्या रेघेवर उभा राहिला. लोक इतके विटले की डिसेंबर १९३६मध्ये चँगच्याच एका सेनापतीनं, चांग श्युएल्यांगनं, त्याला शीआनमध्ये डांबून ठेवलं. मागणी एकच: कम्युनिस्टांच्या मागं लागणं सोड आणि जपानशी लढ. १९३७ साली चँग ज्या खुर्चीत बसला होता तिच्या पायाला ही दोरी बांधलेली होती.

मध्यस्थ

मध्यस्थी करायला आला जर्मनी. हिटलरचा जर्मनी, हे ऐकून मुलं हसली. पण त्याचं गणित साधं होतं. चिनी सैन्याला शिकवायला जर्मन लष्करी सल्लागार होते, जर्मन शस्त्रं चीनला जात होती, बदल्यात टंगस्टन येत होतं. आणि नोव्हेंबर १९३६मध्ये जर्मनीनं जपानशी कम्युनिस्टविरोधी करारही केला होता. दोन्ही घरी पान वाढलेलं, आणि तीच दोन्ही घरं भांडत होती. दोघं लढून रशियाचं फावेल ही भीती वेगळीच. निरोप्या म्हणून चीनमधले जर्मन राजदूत ओस्कार ट्राउटमान आणि टोकियोमधले हेर्बर्ट फॉन डिर्कसेन पुढं झाले.

५ नोव्हेंबर १९३७

तोवर शांघायची लढाई पावणेतीन महिने चालली होती. चँगनं आपल्या सगळ्यात चांगल्या, जर्मनांनी तयार केलेल्या तुकड्या तिथं ओतल्या. चिनी बाजूची हानी दोन लाखांच्या घरात गेली. अशात ट्राउटमान राजधानी नानजिंगला चँगला भेटले आणि जपानच्या अटी सांगितल्या. अंतर्मंगोलियाला स्वायत्तता. मांचुरियाच्या सीमेलगत उत्तर चीनमध्ये सैन्य नसलेला पट्टा, पण कारभार नानजिंग सरकारचाच. शांघायभोवतीचा असाच पट्टा आणखी मोठा. जपानविरोधी धोरण बंद. कम्युनिस्टांविरुद्ध एकत्र काम. जपानी मालावरची जकात कमी. परकीयांच्या हक्कांचा मान.

पुढं काय झालं ते माहीत असल्यामुळं आज या अटी वाचताना हात फळ्यावर थबकतो. नुकसानभरपाई नाही. मांचुरियात जपाननं उभ्या केलेल्या राज्याला उघड मान्यता द्या, असंही नाही.

चँगनं नकार दिला. आधी सगळं ७ जुलैपूर्वी होतं तसं करा, मग बोलू. त्यानं ट्राउटमानना असंही सांगितलं की या अटी मानल्या तर लोकमताच्या लाटेत माझं सरकार वाहून जाईल. आणखी एक कारण होतं: ब्रसेल्स. चीनचं सार्वभौमत्व मानण्याच्या १९२२च्या नऊ राष्ट्रांच्या करारावर सह्या करणारे ३ नोव्हेंबरला ब्रसेल्समध्ये जमले होते. अमेरिका, ब्रिटन काहीतरी करतील, जपानवर दाब येईल, मग बोलायला बसलं तर हात वर असेल, हा हिशेब. २४ नोव्हेंबरला परिषद उठली. निषेधाचे कागद निघाले, त्यापलीकडं काही नाही.

आणि त्याच ५ नोव्हेंबरला, ज्या दिवशी ट्राउटमान अटी वाचून दाखवत होते त्याच दिवशी, शांघायच्या दक्षिणेला हांगचौच्या उपसागरात जपानची दहावी सेना किनाऱ्यावर उतरत होती. शांघाय लढवणाऱ्या चिनी फौजेच्या पाठीत. आठवड्याभरात शांघाय पडलं. मी या दोन गोष्टी फळ्यावर एकाच ओळीत लिहिल्या आणि पाच मिनिटं काही बोललो नाही.

२ डिसेंबर

२० नोव्हेंबरला चीननं राजधानी चोंगछिंगला हलवत असल्याचं जाहीर केलं. १ डिसेंबरला टोकियोहून नानजिंग घेण्याचा हुकूम सुटला. २ला ट्राउटमान पुन्हा चँगपुढं बसले. त्याआधी चँगनं आपले सेनापती बोलावून अटी त्यांच्यापुढं ठेवल्या. एकानं विचारलं, सैन्यावर मर्यादा वगैरे आणखी काही आहे का? नाही, एवढंच. मग पै छुंगशी जे बोलला त्याचा मतलब असा: एवढंच असेल तर आपण लढतोय तरी कशासाठी? बाकीच्यांनीही मान डोलावली.

चँगनं होकार दिला, पण पाचर मारून. या अटी बोलणीचा पाया म्हणून चालतील. उत्तर चीनवरचं सार्वभौमत्व शाबूत राहिलं पाहिजे. आम्ही दुसऱ्यांशी केलेल्या करारांना हात लावायचा नाही (रोख ऑगस्टमध्ये रशियाशी केलेल्या अनाक्रमण कराराकडे होता, कारण रशियाची विमानं येऊ लागली होती). शेवटपर्यंत जर्मनी मध्ये हवा. आणि जपाननं जेत्याच्या तोऱ्यात बोलू नये. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा चँगचा सगळ्यात शहाणा दिवस. महिनाभर उशिरा आलेला.

७ डिसेंबरला डिर्कसेननी हा होकार टोकियोत परराष्ट्रमंत्री हिरोतांना कळवला. हिरोतांचं उत्तर: महिन्याभरापूर्वीच्या अटींवर आता बोलता येईल का, शंका आहे. १३ डिसेंबरला नानजिंग पडलं. त्यानंतर तिथं कैद्यांची आणि साध्या नागरिकांची जी कत्तल झाली, बायकांवर जे अत्याचार झाले, त्याबद्दल इथं दोन ओळीत लिहिणं मला बरं वाटत नाही. टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायालयानं मृतांचा आकडा दोन लाखांवर धरला, चीन तीन लाख सांगतो.

२२ डिसेंबरला नव्या अटी आल्या. चारच ओळी. कम्युनिस्टांना साथ देणारं आणि जपान-मांचुरियाविरोधी धोरण सोडा. "आवश्यक त्या" प्रदेशांत सैन्यमुक्त पट्टे आणि "विशेष" कारभार. जपान, मांचुरिया, चीन यांचं आर्थिक सहकार्य. नुकसानभरपाई. उत्तराला मुदत.

मुलांना मी विचारलं, आधीची यादी मोठी होती, ही छोटी. मग जड कोणती? एक मुलगा म्हणाला, "सर, ही कोऱ्या चेकसारखी आहे." बरोबर. आवश्यक म्हणजे कुठं? विशेष म्हणजे कोणाचा? भरपाई किती? चीननंही १३ जानेवारी १९३८ला नेमकं हेच विचारलं: अटी फार ढोबळ आहेत, तपशील द्या.

टोकियोतली १५ जानेवारी

हा भाग पाठ्यपुस्तकात कधीच नसतो. चीनचं उत्तर आल्यावर टोकियोत सरकार आणि सेनाधिकाऱ्यांची बैठक बसली. आपल्याला वाटतं, मंत्री शांततेच्या बाजूनं आणि सेनाधिकारी युद्धखोर. झालं उलटं. लष्कराच्या मुख्यालयाचे उपप्रमुख तादा हायाओ म्हणाले, बोलणी तोडू नका. रशिया उत्तरेला बसलाय, आपण चीनच्या चिखलात रुतू, ही त्यांची भीती. पंतप्रधान कोनोए, परराष्ट्रमंत्री हिरोता, युद्धमंत्री सुगियामा, नौदलमंत्री योनाई यांचं मत: पुरे झालं. हिरोता म्हणाले, माझ्या इतक्या वर्षांच्या राजनैतिक अनुभवावरून सांगतो, चीनच्या मनात तह नाही. योनाईंनी पेच टाकला: परराष्ट्रमंत्र्यांवर विश्वास नसेल तर सरकारला राजीनामा द्यावा लागेल. तादांनी माघार घेतली. दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारीला, कोनोएंनी जाहीर केलं की यापुढं जपान चँगच्या सरकारला विचारातच घेणार नाही.

ज्याच्याशी तह करायचा त्यालाच मोडीत काढलं. पुढं कोनोएंनी स्वतःच ही चूक होती असं कबूल केलं. हिरोतांना १९४८ साली फाशी झाली. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात फाशी गेलेले ते एकटेच मुलकी पुढारी.

अभ्यासिकेतला वाद

मोहोळकडची एक मुलगी सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "सर, आमच्या पप्पांचं गेल्या आठवड्यात असंच झालं. बाजार समितीत कांदा उतरवला. पहिल्या दिवशी अठराशेची बोली आली. पप्पा म्हणाले उद्या बघू. दुसऱ्या दिवशी गाड्या एवढ्या आल्या की चौदाशेला द्यावा लागला. कांदा काय परत घरी नेता येतोय का? वर हमाली, तोलाई आहेच. चँगनं पहिलीच बोली घ्यायची होती."

वर्ग गप्प झाला, कारण अर्ध्याअधिक मुलांच्या घरी हेच घडलेलं. पण मंगळवेढ्याच्या एकानं तिला अडवलं. "ते खरंय, पण व्यापारी बोली लावता लावता तुझ्या गोण्या उचलून न्यायलाय का? इथं एका हातानं बोली लावायलाय आणि दुसऱ्या हातानं उपसागरातून फौज उतरवायलाय. असल्याशी सौदा कसला?"

दोघांचंही खरं होतं, आणि इथंच मला पुरंदरचा तह आठवला. मराठी माणसाला तह म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात: पुरंदर, आणि "लढाईत कमावलं ते तहात गमावलं" ही म्हण. जून १६६५. मिर्झाराजे जयसिंग पुरंदरला वेढा घालून बसले होते, मुरारबाजी पडला होता. महाराजांनी तेवीस किल्ले दिले, बारा ठेवले, संभाजीराजांच्या नावे पाच हजारी मनसब घेतली. हा लवकर केलेला, कमीपणाचा तह होता. आणि पाच वर्षांत, १६७० साली, सिंहगड परत आला, पुरंदरही आला.

मग तो तह शहाणपणाचा आणि चँगनं केला असता तर तो मूर्खपणाचा, असं का? फरक अटींच्या मोठेपणात नाही. पुरंदरच्या अटी मोजता येत होत्या. तेवीस म्हणजे तेवीस. किल्ल्यांची नावं लिहिलेली. चोविसावा मागायला आला तर त्याला यादी दाखवता येत होती. उरलेल्या बारा किल्ल्यांत सैन्य कोणाचं, कारभार कोणाचा, हा प्रश्न शिल्लक नव्हता. आणि जयसिंग शब्द दिल्यावर वेढा उठवू शकत होते. ५ नोव्हेंबरच्या अटी बऱ्याचशा मोजता येण्याजोग्या होत्या, पण त्या देणाऱ्याच्या हातात आपलं सैन्य थांबवण्याची ताकद दिसत नव्हती. २२ डिसेंबरच्या अटी तर मोजताच येत नव्हत्या.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचं उदाहरणही मी दिलं, जरा विषयांतर म्हणून. हा किल्ला निजामशाही आणि आदिलशाहीत इतक्या वेळा इकडून तिकडं गेला की चांदबिबीच्या लग्नात आंदण म्हणूनही दिला गेला. एक किल्ला देता येतो, परत घेता येतो. स्वतःच्या घरातला कारभार एकदा "विशेष" झाला की तो परत कोणत्या कागदावर मागायचा?

ज्यानं तह केला त्याचं काय झालं

या प्रकरणाची गंमत अशी की "केला असता तर" याचं थोडंफार उत्तर इतिहासातच सापडतं. चँगचाच जुना सहकारी वांग चिंगवेई. वुहान शहरही जपानच्या हाती पडल्यावर त्याला वाटलं, लढून देश संपेल, बोललं पाहिजे. डिसेंबर १९३८मध्ये तो चोंगछिंगहून निसटला आणि हनोईला गेला. तो केवळ गद्दार होता असं मी मुलांना शिकवत नाही. लोक मरतायत हे त्याला दिसत होतं. जपान्यांशी त्याची वर्षभर बोलणी चालली. पण अटी पाहून त्याच्याच गोटातले दोघं, काव झुंगवू आणि ताव शीशंग, हादरले. जानेवारी १९४०मध्ये त्यांनी हाँगकाँगच्या वर्तमानपत्रात गुप्त कलमं छापून आणली. "सहकार्य" म्हणजे जपानी सल्लागार, जपानी पहारा, खाणी आणि रेल्वेत जपानी हात. दोन वर्षांपूर्वी ज्या शब्दांचा तपशील चीन मागत होता, तो असा बाहेर आला. मार्च १९४०मध्ये वांगचं सरकार नानजिंगला बसलं. सैन्य परत गेलं नाही. युद्ध एक दिवसही थांबलं नाही.

दुसऱ्या बाजूला चँगनं जे केलं त्याचीही किंमत मांडावी लागते. जून १९३८मध्ये जपान्यांना अडवायला त्यानं पीत नदीचा बांध फोडला, त्यात आपलेच लाखो शेतकरी बेघर झाले, कितीतरी बुडून आणि उपासमारीनं मेले. युद्ध आणखी साडेसात वर्षं चाललं. चीनमध्ये एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं मेली. १९४५ला मांचुरिया परत मिळाला, तैवानही. चार वर्षांनी चँग स्वतः त्याच तैवानमध्ये पळून गेला. हा विजय होता असं मला बिनदिक्कत म्हणता येत नाही.

माझं मत

मुलांनी विचारलं, म्हणून सांगितलं. परीक्षेत असंच लिहा असं नाही. चँग ५ नोव्हेंबरला चुकला. तह केला नाही म्हणून नव्हे, बोलणीचं दार लावून घेतलं म्हणून. "पाया म्हणून चालेल, तपशील द्या, तोवर फौजा आहेत तिथं थांबवा" असं २ डिसेंबरसारखं उत्तर तो त्या दिवशीही देऊ शकला असता. लढाई चालू ठेवूनच. शांघाय पडायचं ते पडलंच असतं. पण नानजिंगच्या आधी टोकियोत तादांसारख्यांच्या हातात एक कागद आला असता, आणि दहाव्या सेनेचं काय करायचं हा प्रश्न आधी त्यांच्या टेबलावर पडला असता. ब्रसेल्सच्या भरवशावर त्यानं तो महिना घालवला. दुसऱ्याच्या परिषदेवर आपल्या राजधानीचं भवितव्य टांगणं, ही त्याची खरी चूक.

डिसेंबरच्या अटी न मानणं मात्र बरोबर होतं, आणि त्यात मला फारशी शंका नाही.

१ सप्टेंबर १९३८ला कोटणीसांचं पथक मुंबईहून निघालं, १७ला ग्वांगचौला उतरलं. महिन्याभरात, २१ ऑक्टोबरला, ते शहरही जपान्यांनी घेतलं. तोवर पथक पुढं सरकलं होतं.

शेवटी मी सगळ्यांना एका पानात उत्तर लिहायला सांगितलं: ५ नोव्हेंबरला तुम्ही चँगच्या जागी असता तर? मोहोळच्या मुलीनं कांद्याचं उदाहरण खोडलं होतं. तिनं लिहिलं, "पाया म्हणून होकार देईन, पण हांगचौकडं निघालेली जहाजं आधी परत फिरवा, मगच सही." मी दहापैकी सात दिले. ती तीन गुणांसाठी भांडायला आली, तेव्हा तिला १५ जानेवारीच्या बैठकीचं पान पुन्हा काढून दाखवलं. जहाजं परत फिरवायचा हुकूम टोकियोत नेमका कोण देऊ शकत होतं, हे तिनं लिहिलं नव्हतं. बराच वेळ ती ते पान वाचत बसली. मग म्हणाली, "इथं तर कुणीच नाही की ओ सर."